रेफ्री आडवा पडला की ओळखायचं
WWE च्या, म्हणजे आधीच निकाल ठरलेल्या शो-कुस्तीत, वीस मिनिटं जीव तोडून कुस्ती आणि शेवटी पुन्हा तेच! एक बाजूला सरकतो, धक्का बसतो रेफ्रीला. मग तिसराच कुणीतरी घुसतो, लो ब्लो (कमरेखाली फटका), चॅम्पियनशिपच्या पट्ट्याचा तडाखा, आणि नेमका तेव्हाच रेफ्री शुद्धीवर येऊन तीन मोजतो, सामना संपला.

WWE चा वर्षातला सर्वात मोठा शो, 2025 ची रेसलमेनिया 41 घ्या. जॉन सीना सतराव्यांदा चॅम्पियन होतोय, जुना कुस्तीपटू रिक फ्लेअरचा 16 किताबांचा विक्रम मोडतोय. आणि निकाल फिरला कशाने? रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या एंट्रीने! सीनाचा प्रतिस्पर्धी कोडी रोड्स त्याच्याकडे वळला, सीनाने लो ब्लो मारला, पट्टा डोक्यात घातला, संपलं. ज्या द रॉकसाठी सीना मार्चमध्ये खलनायक झाला, तो तर फिरकलाच नाही.

बाहेरच्यांनी येऊच नये असं नाही. आदल्या वर्षी रोमन रेन्स-कोडी सामन्यात अंडरटेकरपर्यंत रांग लागली होती. पण तिथे डिस्क्वालिफिकेशनच (नियम मोडला म्हणून बाद ठरवणं) नव्हतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा जुना हिशोब बाकी होता.

हरणाऱ्याची पत राखायला शो लिहिणारे हा डाव टाकतात, हे कळतं. पण दर आठवड्याला? अहो, मग जिंकणाऱ्याची पत कशी वाढणार? एकदा तरी रिंगच्या मधोमध, सरळ फिनिशरवर (कुस्तीपटूच्या ठरलेल्या शेवटच्या डावावर) हरवा ना कुणाला!