‘लस आईला कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कोकरांच्या हगवणीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचावी लागली, कारण पहिल्या वाचनात मुद्दा सापडेना. सुरुवातीला ‘लेखकमहाशयांनी मेंढीची लेंडी तरी जवळून पाहिली आहे का’, मग ‘पुस्तकी पांडित्य’, मग ‘असले सल्ले देऊन लोकांची कोकरं मारू नका’. एवढं ओलांडल्यावर चार आक्षेप हाती लागले. रोग कोकराला होतो तर (क्लॉस्ट्रिडियम या जंतूविरुद्धची) लस मेंढीला कशाला. हगवण दिसली की प्रतिजैविक दिलंच पाहिजे. मीठ-साखरेच्या पाण्याने कोकरू वाचत नाही. आणि चिकाचं, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधाचं, प्रमाण अर्धवट लिहिलंय.

शेवटचा आक्षेप मान्य. ‘किलोमागे 50 मिली’ लिहिताना ते एका वेळचं की दिवसभराचं, हे सांगायचं राहिलं. एका वेळचं. पहिला चीक दोन तासांच्या आत, आणि 24 तासांत मिळून किलोमागे 200 मिली. म्हणजे 4 किलोच्या कोकराला 200 मिली, असं चार वेळा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. नुसत्या एका ओळीत कळवलं असतं तरी दुरुस्त केलंच असतं. लेंडीला मध्ये आणायचं कारण नव्हतं.

आता तुमचं मुख्य वाक्य, जसंच्या तसं: ‘रोग कोकराला होतो, मग मेंढीला टोचून काय उपयोग? जन्मल्या दिवशी कोकरालाच टोचा.’ मला शिकवायचा आव आणून लिहिलेल्या वाक्यात निदान मूळ गोष्ट तरी बरोबर हवी होती.

मेंढीच्या वारेतून प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) गर्भापर्यंत पोचत नाहीत. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात जवळजवळ काहीच नसतं. जे मिळतं ते चिकातून. ती प्रतिपिंडं अख्खी रक्तात घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या सहा तासांत सर्वांत जास्त असते, नंतर झपाट्याने उतरते आणि दिवसभरात संपते. लशीचं गणित वेगळं आहे. टोचल्यावर शरीराला प्रतिपिंडं बनवायला काही आठवडे लागतात, आणि एका दिवसाच्या कोकराला तेही धड जमत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूच्या ‘बी’ प्रकाराने होणारी रक्ताची हगवण पहिल्या दोन आठवड्यांतच गाठते, पुष्कळदा पहिल्या तीन-चार दिवसांत. तुमची लस कामाला लागेपर्यंत कोकरू पुरून झालेलं असतं.

म्हणून लस गाभण मेंढीला. आधी कधीच दिली नसेल तर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, त्यातला दुसरा व्याण्याआधी साधारण दोन ते चार आठवडे. पुढे दर वेताआधी त्याच सुमाराला एक बूस्टर. चीक कासेत साठतो तो गाभणकाळाच्या शेवटच्या आठवड्यांत, आणि त्याच वेळी मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असावी लागतात. फार लवकर टोचलं तर ती उतरणीला लागतात, व्यायच्या तोंडावर टोचलं तर तयारच झालेली नसतात.

आणखी एक गोष्ट, जी लेखात जागेअभावी गाळली होती. ‘बी’ आणि ‘सी’ प्रकारांचं बीटा विष आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचकरसाने नष्ट होतं. मग नवजात कोकरूच का मरतं? कारण चिकात ट्रिप्सिनला रोखणारा घटक असतो. तो असतो प्रतिपिंडं पचून जाऊ नयेत म्हणून, पण त्याच्या आडोशाने विषही वाचतं. म्हणजे लस न दिलेल्या मेंढीच्या चिकात आडोसा आहे आणि या विषावरचा उतारा नाही. ‘डी’ प्रकाराचं एप्सिलॉन विष नेमकं उलटं. ते निष्क्रिय रूपात तयार होतं आणि ट्रिप्सिननेच जागं होतं. त्यामुळे ‘डी’चा आंत्रविषार (आतड्यातलं विष अंगात भिनणं) तीन-चार आठवड्यांपुढच्या, भरपूर दूध पिणाऱ्या एकुलत्या कोकराला किंवा एकदम धान्याच्या खुराकावर आणलेल्या कोकराला होतो. कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू सकाळी मेलेलं सापडतं ते यामुळे. हगवण दिसेलच असं नाही.

कोकराला लस नकोच, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही ते माझ्या तोंडी घातलंत. आईकडून आलेलं संरक्षण साधारण दोन-तीन महिने टिकतं आणि ते भरात असताना दिलेली लस फिकी पडते. म्हणून लस दिलेल्या मेंढीच्या कोकराला आठ ते बारा आठवड्यांच्या सुमारास पहिला डोस आणि चार ते सहा आठवड्यांनी दुसरा. मेंढीला लस दिलेली नसेल तर याहून लवकर. जन्मल्या दिवशी टोचून उपयोग होतो तो प्रतिविष सीरमचा. त्यात तयार प्रतिपिंडं असतात, लगेच काम करतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. तुम्ही कदाचित हेच कुणाकडून ऐकलं असेल. लस आणि सीरम यांची गल्लत पुष्कळांची होते, पण पुष्कळजण ती करून वर दुसऱ्याला अडाणी म्हणत नाहीत.

‘आमच्याकडे लस देऊनही कोकरं गेली’ हा पुरावा म्हणून दिलात. कधी टोचली, दुसरा डोस दिला का, बाटली 2 ते 8 अंशांत होती की गोठली होती (गोठलेली लस टाकूनच द्यायची), टोचण्याआधी हलवली का, मेंढीला दगडी (कासेची सूज) झाली होती का, तिला तिळी झाली होती का, यातलं काहीही लिहिलं नाहीत. मुळात रोग कोणता होता? पहिल्या चार दिवसांत पिवळं पाणी सुटलं असेल तर आधी ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा संशय घ्यायचा. 12 ते 72 तासांचं कोकरू गार पडलंय, तोंडातून लाळ गळतेय, पोट फुगून हलवल्यावर डुचमळतंय आणि काळी चिकट पहिली विष्ठाही पडलेली नाही, तर तेही बहुधा ई. कोलायच. चीक पोटात जाण्याआधी घाणेरडी कास चाटून जंतू गेलेले असतात. यातल्या कशालाही क्लॉस्ट्रिडियमची लस थांबवणार नाही. तिथे कामाला येतो कोरडा अंथर, पुसलेली कास, सडातला खडा काढून पहिली धार सोडणं आणि वेळेवर चीक.

प्रतिजैविकाबद्दल थोडक्यात: आतड्यात तयार झालेल्या विषावर त्याचा काही परिणाम होत नाही. ताप असेल, सालमोनेला या जंतूचा किंवा रक्तात जंतू गेल्याचा संशय असेल तिथे पशुवैद्याने वजनावर ठरवून द्यावं. सगळ्या वाड्याला सरसकट पाजलं की औषधाला दाद न देणारे जंतू उरतात. मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल मी ‘जीवरक्षक क्षार, एका वेळी किलोमागे 50 मिली, दिवसात तीन-चारदा, दुधात न मिसळता’ असं लिहिलं होतं. मूठभर मीठ आणि अंदाजे साखर असं नव्हे. मान धरू न शकणाऱ्या कोकराला नळीने पाजलं तर पाणी फुप्फुसात जातं, हेही तिथेच लिहिलेलं आहे. वाचायचं राहिलं असेल.

लेंडीचं विचारलंच आहे तर सांगतो, मेलेली कोकरं उघडून पाहण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. अंदाजाने लिहायची मला गरज नाही. तुम्हीही अंदाज करू नका. पुढचं कोकरू दगावलं तर काही तासांच्या आत उघडून घ्या, कारण उशीर झाला की पोटात वायू धरतो आणि काही कळत नाही. ‘बी’मध्ये आतडं लालभडक आणि आतून व्रण पडलेलं दिसतं. ‘डी’मध्ये हृदयाभोवती गवती रंगाचं पाणी साठलेलं असतं आणि पुष्कळदा लघवीत साखर सापडते. लहान आतड्यातला ऐवज बाटलीत घ्या, 10 मिलीला क्लोरोफॉर्मचा एक थेंब टाका, गार ठेवून प्रयोगशाळेत द्या आणि विषाची तपासणी मागा. नुसते जंतू सापडले एवढ्यावर जाऊ नका, ते निरोगी कोकरातही असतात. अहवालात ‘बी’ किंवा ‘डी’चं विष निघालं आणि मेंढीला दोन्ही डोस वेळेवर दिलेले होते, कोकराला चीकही पोटभर मिळाला होता, तर तारखांसकट इथेच लिहा. मग मी ऐकेन.