पूल बदलताय? मग एवढं कराच

शहरातला म्हातारा पूल पाडून तिथे चकचकीत नवा उभारायचं तुमच्या मनात आलंय? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. पुलाला भेगा पडल्यात हे रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं, पण ते धरायचं नसतं. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ ला भर पावसात रुळांवर आला, दोन जीव गेले, तेव्हा कुठे मुंबईतल्या पुलांची वयं मोजायला घेतली. तरी घाई नको. वाहनांना तो पूल बंद झाला ७ नोव्हेंबर २०२२ ला.

बंद करताना पर्याय द्या. अंधेरीकरांना सबवे होता, पावसाळ्यात तिथे पोहताही येतं. नाहीतर पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल होताच. आमच्या सोसायटीतल्या काकूंची लेक पश्चिमेला दिलेली, रुळांच्या पलीकडे. ते सवा वर्ष काकू ‘लेक बाहेरगावी असते’ असंच सांगायच्या.

आता खरी मेख. नवा पूल ज्या पुलाला जोडायचा, त्याच्याकडे बघू नका. गोखले पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला खुली झाली. रेल्वेच्या नियमामुळे रुळांवरची उंची वाढवावी लागली होती, ते रास्तच. पण शेजारी बर्फीवाला पूल आहे आणि त्यालाही हे कळवायला हवं, एवढं मात्र राहून गेलं. मी रिक्षाने गेलो तेव्हा आमच्या चाकांखाली कोरं करकरीत डांबर आणि बर्फीवाला आपला माणसाच्या छातीइतका खाली. दोघं शेजारी, पण बोलणं बंद असल्यासारखे. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, इथे जिना लावणार वाटतं.”

जिना नाही लावला. जॅक लावून बर्फीवालाच उचलला, एका बाजूने १३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूने ६५०. जुलै २०२४ मध्ये दोघांची सोयरीक जमली. म्हणजे आपल्याकडे मिलिमीटरपर्यंत मोजता येतं! फक्त ते बांधून झाल्यावर मोजायचं असतं, नवशिक्यांना हे कळत नाही.

नावाचंही बघून ठेवा. मशीद बंदरचा १८६८ चा कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडला, तो जुलै २०२५ मध्ये सिंदूर पूल होऊन उघडला. टॅक्सीवाल्याला सांगताना मात्र कर्नाकच म्हणा, नाहीतर भलतीकडे उतराल.

हात साफ करायला जागा कमी नाहीत. सायनचा १९१२ चा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, प्रभादेवीचा १९१३ चा सप्टेंबर २०२५ मध्ये. त्यातही प्रभादेवीचाच धरा. तिथे एकावर एक असे दोन मजले व्हायचे आहेत, म्हणजे उंची चुकवायला दोन संधी.