गावठी कुत्र्याला बोगदा कशाला म्हणे

"शेल्टरमधल्या भटक्या कुत्र्यांना टायर, बोगदे, रॅम्प हे सगळे श्रीमंतांचे लाड आहेत, गावठी कुत्रं खेळत नाही, खेळवलं तर चावरं होतं आणि आपल्याकडच्या पावसात ते सामान तसंही कुजणार, दोन वेळ भात टाका, पुरे." हा मेसेज रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतोय, म्हणून लिहितोय.

भातापासून सुरू करू. रस्त्यावरचं कुत्रं दिवसभर बंदरावर मच्छी उतरते तिथे जातं, वास काढत फिरतं, दुसऱ्या वाडीतल्या कुत्र्यांवर भुंकतं. तेच पिंजऱ्यात टाकलंत की पोट भरतं पण दिवस सरत नाही, मग गोल गोल फिरणं, जाळी चावणं, पंजा चाटून चाटून जखम करणं सुरू. आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शाळा, हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनवरची कुत्री शेल्टरमध्ये न्या, परत तिथे सोडू नका, म्हणजे बरीच कुत्री आता आत आली की आतच राहणार ना?

श्रीमंतांचे लाड? अ‍ॅजिलिटी (कुत्र्यांची बोगदे, रॅम्प, उड्या अशा अडथळ्यांची शर्यत) १९७८ साली इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये सुरू झाली, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा बघून, आणि स्पर्धेचं सामान महाग असतं हे मान्य. पण आपल्याला कुठे मेडल घ्यायचंय! दोन्ही तोंडं कापून कडा घासलेलं पाण्याचं पिंप झालं की बोगदा (केमिकलचं पिंप नको हां), दोन चिऱ्यांवर जाड फळी, तिला सुंभ गुंडाळलं की पाय घसरत नाही, आणि जमिनीपासून वीतभर वर बांबू. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या पिल्लांना उंच उड्या मात्र नकोत, हाडं अजून वाढत असतात.

चावरं होतं म्हणे. खेळणारी कुत्री पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करतात, पाठलाग करणारा मधेच पळणारा होतो, थांबतात, अंग झाडतात. हे थांबणं गायब झालं, एकच कुत्रा सारखा वर बसतोय, तर खेळ बंद करायचा आणि वेगळे करायचे. भांडणं बहुतेक खाऊ नाहीतर बॉलवरून होतात, म्हणून घोळक्यात दोन्ही नको, इतकं साधं आहे.

पावसाचं एवढं बरोबर आहे. बांबू कुजतो, फळी शेवाळते, टायरात पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) कुत्र्यांनाही होतो. म्हणून टायरांना भोकं पाडा, जूनमध्ये फळ्या आत घ्या आणि शेडमध्ये जुन्या गोणपाटाच्या घड्यांत खाऊ लपवून एकेकट्याला शोधू द्या. नाक चाललं की कुत्रं दमतं, धावायलाच हवं असं नाही.

राहिलं "गावठी खेळत नाही". नवीन आलेलं कुत्रं कोपऱ्यात बसतं ते घाबरून. त्याला पिंपात ढकलू नका, काटे काढलेला उकडलेला बांगडा तोंडाशी ठेवा, उद्या थोडा आत, आणि आपण बाजूला व्हा. मे महिन्यात हे सगळं सकाळी लवकर उरका, नंतर पत्रा आणि कातळ दोन्ही भाजतात.