टर्किश टॉवेलवाला सांता

धाकट्यानं सांताला पत्र लिहायचं काढलं, तिथून हे सगळं सुरू झालं. वय वर्षं पाच. त्यामुळे त्यानं सांगायचं, थोरलीनं लिहायचं आणि पत्ता बापानं शोधायचा. पत्ता खरोखरच सापडला. कॅनडाच्या टपाल खात्यानं सांतासाठी खास पिनकोड ठेवलाय : एच शून्य एच, शून्य एच शून्य. इंग्रजीत लिहून दाखवला तर थोरलीनं तो ‘हो हो हो’ असा वाचला. आपला ४१३००१ कसाही वाचला तरी हसू येत नाही, याचं तिला वाईट वाटलं.

पत्र मराठीत होतं. सांताला मराठी येतं का, यावर आमच्या आईचं म्हणणं, “सोलापुरात यायचं तर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही यायला पाहिजे. नाहीतर रिक्षावाला दुप्पट घेतोय.”

खरं तर आई आधी नाताळाच्या विरोधात होती. “गड्ड्याची जत्रा तीन आठवड्यांवर आलीय, आणि हे काय नवीन?” पण आमच्या लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती काकूंकडून नाताळला करंज्या-चकल्यांचं ताट यायचं, त्याची आठवण निघाली आणि ती विरघळली. ज्या सणाला करंजी आहे, तो सण तिच्या लेखी परका नाही. त्या संध्याकाळी ती स्वतःच खोबरं किसायला बसली.

झाड नवी पेठेतून आणलं, दोन फुटी, प्लॅस्टिकचं. बर्फ म्हणून आईचा वातींचा कापूस गेला. धाकट्याला तो बर्फ पटेना. त्याच्या माहितीतला बर्फ गोळ्यावरचा, म्हणजे लाल नाहीतर हिरवा. बाहेर भर दुपारी पंखा चालू, आणि आम्ही घामाघूम होऊन झाडावर हिमवर्षाव करतोय.

“सांता मूळचा कुठला?” थोरलीनं विचारलं. मला माहिती द्यायची हौस. म्हटलं, संत निकोलस नावाचे चौथ्या शतकातले बिशप होते, मायरा गावचे. मायरा आज तुर्कस्तानात येतं. आईनं किसणी थांबवली. “तुर्कस्तान म्हणजे टर्किश टॉवेलवाले?”

मी म्हटलं, हो. तिथंच माझी दाढी ठरली. कापूस संपलाच होता. पांढरा टर्किश टॉवेल आणि वर लाल सोलापुरी चादर. चादरीवर मोर होते. पण रात्री अंधारात मोर कोण बघतंय?

सांतासाठी दूध-बिस्किटं ठेवायची असतात म्हणे. बिस्किटं धाकट्यानं दुपारीच संपवली होती. “बिचाऱ्याला लांब जायचंय,” आई म्हणाली, “कडक भाकरी ठेवा. आठ दिवस टिकती.” सोबत शेंगाचटणी. रेनडिअरला कडबा. ती पेंडी दूधवाल्याच्या गोठ्यातून आणून मी तिसऱ्या मजल्यावर चढवली, तेव्हा वॉचमननं विचारलं, “साहेब, वर म्हैस ठेवलाव का?”

चोवीसच्या रात्री साडेनऊला धाकट्यानं जाहीर केलं की जेसीबी नको, गड्ड्यातला आकाशपाळणा पाहिजे. जेसीबी कपाटात चार दिवसांपासून लपलेला. पत्र आता पोचलं असेल, असं म्हणून मी विषय मिटवला. (पत्र माझ्या ऑफिसच्या खणात पोचलं होतं.)

साडेबाराला मी दाढी बांधून हॉलमध्ये आलो. मुलं सांताला पकडायला तिथंच झोपलेली, आई त्यांच्या शेजारी. जेसीबी मोज्यात जाईना. मुळात तो मोजा शाळेचा, तोही पाच वर्षांच्या मुलाचा. शेवटी मोजाच जेसीबीला घातला. आता राहिली भाकरी. सांतानं खाल्ल्याचा पुरावा हवा, अशी थोरलीची सक्त अट होती.

कडक भाकरी हा चोरून खायचा पदार्थ नाही. पहिल्या घासालाच ‘कट्टाक्’ झालं. मी थांबलो. पुढचा तुकडा चटणीत बुडवून जिभेवर मऊ व्हायची वाट बघत बसलो, तर चटणी टाळूला लागली आणि ठसका आला. टॉवेलमध्ये तोंड दाबून खोकलो, त्याचा आवाज म्हशीसारखा आला.

“आजी, रेनडिअर!” धाकटा ओरडला.

मी ‘हो हो हो’ म्हणायला गेलो, तोंडातून ‘हक् हक् हक्’ निघालं.

“कोण हाय बे?” आई झोपेतच उठली आणि उशाशी असलेली बॅटरी थेट माझ्यावर मारली. मी गॅलरीत पळालो. दाढी दाराच्या कडीत अडकली, ती तिथंच राहिली. मी कडब्यावर बसून सगळे झोपायची वाट बघितली. बायकोनं दार उघडलं दीड वाजता. हसून झाल्यावर.

सकाळी चौकशी बसली.

“सांतानं आपली मोराची चादर पांघरली होती,” थोरली म्हणाली.

“थंडी वाजली असंल,” आई.

“उत्तर ध्रुवावर राहतो तो, आजी.”

“मग? चादर घ्यायला माणूस सोलापूरला नाही येणार तर कुठं जाईल?”

थोरली माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. माझा घसा बसलेला होता, त्यामुळे मी काही बोललो नाही.

धाकटा मात्र टॉवेलची घडी घालत होता. त्यानं ताईला परत कागद घ्यायला लावला : ‘तुमची दाढी आमच्याकडं राहिलीय. गड्ड्याला या, तेव्हा घेऊन जा. येताना पाळणा आणा.’