मार्मागोव्यातली ती रात्र आणि १९६१ चा शहाजोगपणा

परवा वास्कोला मेव्हण्याकडे गेलो होतो. संध्याकाळी म्हणाला, चल, बंदर दाखवतो, आणि सड्यावर घेऊन गेला. खाली कोळशाचे ढीग, क्रेनांच्या माना, नांगरलेली दोन-चार जहाजं. "जर्मन बोटी हंयच बुडल्यो," म्हणाला, आणि मग सिनेमातला थरार सुरू. पोटं सुटलेले म्हातारे इंग्रज, मध्यरात्र, शिड्या, स्टेनगन.

मीही शाळेत असताना ही गोष्ट मिटक्या मारत ऐकलेली आहे. आता ती ऐकताना मध्येच कुठेतरी घास अडकतो. का, ते लिहायचं आहे.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रेमेनच्या हान्सा कंपनीच्या तीन मालवाहू बोटींनी मार्मागोव्यात आसरा घेतला: एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स. पुढे इटालियन अँफोराही तिथे अडकून पडली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. तिथे शत्रूच्या बोटीला हात लावायचा म्हणजे कायद्याने पोर्तुगालची कुरापत काढायची.

आमचे आजोबा बांद्याचे. युद्धाच्या वर्षांत सामान घ्यायला पत्रादेवीच्या नाक्यावरून पलीकडे जात. आजी सांगायची, "थंय लढाय नाय, म्हणान बरां." अलीकडे रेशन, पलीकडे शांतता, मधे एक नाका. सामान्य माणसाला तटस्थता दिसायची ती एवढीच. फिरंग्यांच्या मेजावर तिचा भाव काय चाललाय, हे आजीला कुठून कळणार?

इंग्रजांना संशय होता की एहरेनफेल्सवर एक गुप्त ट्रान्समीटर आहे आणि दोस्तांच्या जहाजांची खबर तिथून जर्मन पाणबुड्यांना मिळते. मग एसओई कामाला लागलं. हे चर्चिलने १९४० मध्ये उभं केलेलं घातपाताचं खातं. १९४२ च्या शेवटी त्यांचे लुईस प्यू आणि गॅविन स्टुअर्ट गोव्यात आले आणि 'ट्रॉम्पेटा' या टोपणनावाच्या जर्मन हेराला बायकोसकट गाडीत घालून हद्दीपार घेऊन गेले. परक्या तटस्थ मुलखातून माणूस उचलला, चक्क! याला आपल्याकडे अपहरण म्हणतात. फायलीत बहुधा काहीतरी सभ्य शब्द असेल.

त्या ट्रान्समीटरचं मात्र मला पचत नाही. त्याच वर्षी इकडे मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सोबती काँग्रेस रेडिओ चालवत होते. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण. पकडले जाऊ नये म्हणून सारखी जागा बदलायची. आज या इमारतीत, उद्या त्या. तरी १२ नोव्हेंबरला, प्रसारण चालू असतानाच, पोलीस दारात उभे. (घरभेदीही होता, हे कबूल. पण लहरींचा माग काढणाऱ्या गाड्याही फिरत होत्याच.) सतत हलणारं यंत्र अडीच महिन्यांत सापडतं, आणि साडेतीन वर्षं एका जागी नांगरून पडलेल्या बोटीवरच्या ट्रान्समीटरचं गूढ सोडवायला स्टेनगन लागते? त्या बोटीवरून खरंच पाणबुड्यांना खबरा जात होत्या का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. "त्या रात्रीनंतर जहाजं बुडायची थांबली" हे वाक्य जो तो बेधडक फेकतो. मी तरी ते मिठाच्या चिमटीसोबतच घेतो.

उघड चढाई का नाही केली? करून हात पोळून घेतले होते म्हणून. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य पोर्तुगालच्याच ताब्यातल्या तटस्थ पूर्व तिमोरमध्ये उतरलं. कारण काय, तर जपानी यायच्या आधी आपण जाऊ. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनमध्ये त्याला सरळ आक्रमण म्हटलं. फेब्रुवारीत जपानी आलेच. पुढच्या साडेतीन वर्षांत तिमोरचे चाळीस हजारांहून जास्त लोक मेले असा अंदाज आहे. त्यांची तटस्थता आधी कोणी मोडली आणि नंतर कोणी, हे त्यांना विचारायला कोणी गेलं नाही.

शिवाय लंडनला सालाझारची गरज होती. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर तळ हवे होते, आणि ते ऑगस्ट १९४३ च्या कराराने मिळालेही. त्यासाठी १३७३ चा अँग्लो-पोर्तुगीज तह बासनातून काढून झटकला होता! अशा वेळी गोव्यात इंग्रज गणवेश दिसून चालणार नव्हतं.

म्हणून मग कलकत्ता लाइट हॉर्स. नाव घोडदळाचं, पण खरं तर साहेबलोकांचा क्लबच. ताग, चहा, विमा, हिशेब असल्या धंद्यांतले पन्नाशीकडे झुकलेले गडी. यातले चौदा, आणि कलकत्ता स्कॉटिश या तशाच दुसऱ्या हौशी पलटणीतले चार. घरी आणि कचेरीत काहीतरी थाप मारून आगगाडीने कोचीनला पोचले. कलकत्त्याहून फीबी नावाचं एक बार्ज तिथे आलं होतं. बंदरातला गाळ नेणारं, धापा टाकत चालणारं धूड. त्यातून ही मंडळी निघाली गोव्यावर स्वारीला. ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे, एवढं मी मान्य करतो.

९ मार्च १९४३ ची रात्र. त्या रात्री गावातल्या अधिकाऱ्यांना मेजवानी, आणि खलाशांसाठी वेश्यावस्तीत सगळं फुकट. खर्च अर्थातच हेरखात्याचा. फीबी एहरेनफेल्सला भिडली, शिड्या लागल्या, माणसं वर चढली. कॅप्टन रोफर मेला, त्याचे काही खलाशीही. पण जर्मनांची तयारी आधीपासून होती. त्यांनी तळाचे व्हॉल्व्ह उघडले, आग लावली आणि बोट स्वतःच बुडवली. ज्वाळा बघून बाकीच्या तीन बोटींवरच्या लोकांनीही तेच केलं. इंग्रजांना बोट पळवून न्यायची होती, ती मिळाली नाही. पण शत्रूने आपल्याच हाताने चारही बुडवल्या. फीबी अंधारात निघून गेली. हल्लेखोरांपैकी एकही दगावला नाही.

सकाळी बंदरात चार सांगाडे धुमसत होते आणि इंग्रज कुठेच नव्हते. पोर्तुगीजांनी धरलं ते जर्मन खलाशांनाच, बोटी बुडवल्या म्हणून! सालाझारच्या लोकांना खरं काय घडलं हे कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. कळून न कळल्यासारखं करणं दोघांच्याही सोयीचं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच बंदरात स्वीडिश ग्रिप्सहोम आणि जपानी तेया मारू शेजारी शेजारी लागली, आणि अमेरिका-जपानच्या अडकलेल्या हजारो नागरिकांची अदलाबदल झाली. म्हणजे सात महिन्यांत मार्मागोवा पुन्हा पवित्र तटस्थ भूमी. आता बोला.

ही तटस्थता कोणाची होती? गोव्यातल्या माणसाला तिच्यात काडीचा आवाज नव्हता. वसाहतींसाठी केलेल्या १९३० च्या कलोनियल ॲक्टपासून वर्तमानपत्रं सेन्सॉरखाली, सभेला बंदी. हिटलर आणि चर्चिल यांच्यामध्ये डोळे मिटून बसणाऱ्या राज्याचे डोळे स्वतःच्या रयतेवर मात्र टक्क उघडे. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना उचलायला त्या सरकारला किती वेळ लागला?

आणि आता घास जिथे अडकतो ते. १८ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. त्याआधी चौदा वर्षं विनवण्या, वाटाघाटी, सत्याग्रह. आजोबा ज्या पत्रादेवीच्या नाक्यावरून जायचे, तिथेच १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या. तर सुरक्षा परिषदेत ठराव आला: भारताने सैन्य मागे घ्यावं. मांडणारे चार देश. अमेरिका, फ्रान्स, तुर्कस्तान आणि ब्रिटन. सात मतं बाजूने पडली. सोव्हिएत नकाराधिकार आला म्हणून वाचलो. गोव्याच्या हद्दीचं पावित्र्य सांगायला ब्रिटन! ज्याच्या माणसांनी त्याच गोव्यातून नवरा-बायको उचलून नेले, त्याच बंदरात रात्री माणसं मारली.

कोणी म्हणेल, ते हिटलरविरुद्धचं युद्ध होतं, तुलना कशी करता? हिटलर हरायलाच हवा होता, त्यात दुमत नाही. पण मग सरळ म्हणा की गरज पडली तेव्हा आम्ही हद्द मोडली. १९६१ मध्ये तसं कोणी म्हणालं नाही. म्हणणं शक्यही नव्हतं, कारण मार्मागोव्याची फाइल तेव्हा कुलपातच होती. ही कहाणी जगापुढे यायला सत्तरचं दशक उजाडलं.

त्या अठरा जणांना ना पदक मिळालं, ना पगार, आणि तोंडाला कुलूप. १९४७ मध्ये लाइट हॉर्सही बरखास्त झालं. त्यांतले जे कोणी डिसेंबर १९६१ मध्ये हयात असतील, त्यांनी इंग्लंडातल्या कुठल्याशा गावी सकाळी चहा घेता घेता पेपरात 'गोवा' हा मथळा वाचला असेल. शेजारी बायको विचारत असेल, हे गोवा नक्की आहे तरी कुठे? आणि त्याने खांदे उडवले असतील.