आधी पॉवर सप्लाय पाहा, मग ग्राफिक्स कार्ड

तयार मिळणाऱ्या जुन्या गेमिंग संगणकात केवळ नवे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रे तयार करणारा भाग) बसवले की पुढच्या काही वर्षांची निश्चिंती होते, हे जुना संगणक सुधारण्याविषयीच्या एका लेखातील विधान मला अर्धवट वाटते. मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरील) स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देतो. त्यापुढची गरज पॉवर सप्लायमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागातून) थेट येणाऱ्या केबलने भागवावी लागते आणि आठ पिनांच्या अशा एका केबलची मर्यादा १५० वॅट असते. माझ्या संगणकाचे झाकण उघडले तेव्हा आत अशी एकही मोकळी केबल नव्हती, आणि पॉवर सप्लायच बदलावा म्हटले तर मदरबोर्डवरची जोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसून कंपनीने स्वतःपुरती बनवलेली निघाली. मग पॉवर सप्लायसाठी मदरबोर्ड बदला, तो बसत नाही म्हणून कॅबिनेट बदला, अशी रांगच लागते (जुने म्हणून उरतात ते पुढे चिकटवलेले स्टिकर).

लेखातला एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान ड्राइव्ह) बसवण्याचा सल्ला मात्र पटला, कारण ती पुढच्या संगणकातही नेता येते. रॅमचे (चालू कामासाठीच्या मेमरीचे) तसे नाही; डीडीआर४ पिढीची रॅम नंतरच्या डीडीआर५ पिढीच्या बोर्डावर चालत नाही, हा फरक सांगायला हवा होता. शिवाय विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा यंत्रावर महागडे कार्ड चढवण्यापेक्षा ती रक्कम मी सर्वमान्य मापाच्या सुट्या भागांनी जोडलेल्या नव्या संगणकासाठी राखून ठेवेन.