दबणारं अंडं

फुटलेलं अंडं माणूस सहन करतो, दबणारं अंडं नाही. पहाटेच्या अंधारात खुराड्यात हात घालावा आणि बोटांना काहीतरी कोमट, ओलसर, आतून डचमळणारं लागावं. त्या क्षणी मनात अंड्याचा विचार येत नाही, एवढंच सांगते. उजेडात धरलं तर आत सगळं जागच्या जागी, पिवळं, पांढरं, वर पातळ पापुद्रा. फक्त कवच घालायचं राहून गेलेलं.

परसात कोंबड्या पाळायच्या ही यांची कल्पना. अलिबागजवळ वाडी आहे, जागा आहे, घरची अंडी खाऊ. कवच असलेली हवीत हे तेव्हा कोणी वेगळं बोललं नव्हतं.

यांनी लगेच वही घातली. कोंबडीला एक अंडं तयार करायला साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले 20 तास नुसत्या कवचात जातात. बाकी सगळा ऐवज चार-पाच तासांत उरकते. कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं, म्हणजे घर झोपलेलं असताना खुराड्यात गिलावा सुरू असतो. एका कवचाला कॅल्शियम लागतं सुमारे 2 ग्रॅम. खाण्यातून ते मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते.

हे वाक्य यांनी आईंसमोर वाचायला नको होतं.

आईंची हाडं ठिसूळ झाल्याचा रिपोर्ट नुकताच आला होता. "बघ गं," त्या मला म्हणाल्या, "बाईचा जन्म कुठलाही असो, हाडं झिजवायचीच." त्या दिवसापासून त्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या भराभर संपू लागल्या आणि गुडघे होते तसेच दुखत राहिले. एका सकाळी त्या पाट्यावर काहीतरी वाटताना सापडल्या. यांनी आवाज चढवला तर म्हणाल्या, "गोळीत डी-3 पण आहे, ते कोंबडीलाही लागतं, तूच वाचलंस ना?" मुद्दा शास्त्राला धरून होता, त्यामुळे यांची पंचाईत झाली. शेवटी वही काढली. गोळी 500 मिलिग्रॅमची, म्हणजे अंड्यामागे चार. त्यातही कोंबडी खाल्लेल्यातलं जेमतेम निम्मं अंगी लावते, म्हणजे आठ. आई क्षणभर गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग डॉक्टरांना सांग, जास्त लिहून द्या."

खरं दुखणं आमच्या लाडात होतं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असावं लागतं. आमच्या बायका तो बारदानातला भरडा बाजूला सारून भात, कण्या, कोंडा आणि आईंनी चोरून टाकलेली पोळी खात. भाताकोंड्यात कॅल्शियम नावालाच. त्यात मे महिना. उकाड्याने कोंबडी चोच वासून धापा टाकते, धापेबरोबर अंगातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यातल्या कार्बोनेटला माल कमी पडतो. यांनी खुराड्यावर झापं टाकली, गार पाणी ठेवलं, खाणं सकाळ-संध्याकाळच्या थंडाव्यात सुरू केलं. मला माठातलं पाणीसुद्धा स्वतः उठून घ्यावं लागतं, ते असो.

बाकी नमुने बरेच पाहिले. खरखरीत पुळ्या आलेलं अंडं दिसायला वाईट, खायला चांगलं. कमरेला करदोटा बांधल्यासारखी कड असलेलं अंडं जास्त बोलकं. कवच आत तयार होत असताना कोंबडी दचकली तर त्याला तडा जातो आणि पुढे ती तो आतल्या आत बुजवते. पलीकडच्या आळीत हळदीला डीजे लागला की पुढच्या सकाळी आमच्याकडे करदोटेवाली अंडी. आवाज मोजायचं यंत्र सरकारकडे असतं म्हणे, आमच्याकडे खुराडं आहे. सुरकुतलेली अंडी, आत पाण्यासारखं पांढरं आणि वर कोंबड्या शिंकत असतील तर मात्र थट्टा बाजूला ठेवून जनावरांच्या डॉक्टरांना गाठावं, तो रोग असू शकतो.

मऊ अंड्याचा आणखी एक ताप म्हणजे ते चटकन फुटतं, आणि एकदा बलकाची चव लागली की कोंबडी टणक अंडीही फोडून खायला लागते. आमची तांबडी चोचीला पिवळं माखून अंगणात फिरते आणि विचारलं तर तुळशीकडे बघते. आईंचं म्हणणं, तिला डोहाळे लागलेत.

उपाय शेवटी बंदरावर मिळाला. शिंपल्यांचा चुरा, पण जाडसर हवा. बारीक पूड पोटातून लवकर पुढे सरकते. जाड तुकडे कलेजी-पेठ्यातल्या त्या पेठ्यात, म्हणजे कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पोटात, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात, म्हणजे नेमके गिलाव्याच्या वेळेला. चुरा खाद्यात कालवायचा नाही, वेगळ्या वाडग्यात ठेवायचा. जिला हवा ती खाते. कोंबड्याला आणि पिल्लांना एवढं कॅल्शियम सोसत नाही. हे कोंबड्याला कळतं, आईंना पटत नाही.

शिंपल्या आमची कोळीण मावशी देते. पैसे विचारले तर हसली. "कचऱ्याचे पैसे कसले घेऊ? अंडी दे चार." मी चार काढून दिली. तिने एकेक कानाशी नेऊन नखाने वाजवलं आणि त्यातलं एक परत केलं.